निकालावरून ठरणारे मन

शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम संपला की बक्षीस समारंभ होतात, आणि समारंभातील भाषणांत एक वाक्य हमखास येते: सामना मैदानावर नव्हे, मनात जिंकला जातो. भिवंडी तालुक्यातील वडप्यासारख्या महामार्गावरच्या गावातील शाळा असो किंवा मुंबई-पुण्यातील मोठे विद्यालय, हे वाक्य चुकत नाही. जिंकलेल्या मुलांना ते गोड लागते. हरलेल्या मुलांना मात्र त्याच वाक्याची दुसरी बाजू ऐकावी लागते: "खेळात कमी नव्हतात, मनाने कमी पडलात."

हे दुसरे वाक्य आम्हांला गंभीर वाटते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तू उंचीने कमी आहेस असे सांगितले तर तो फार तर खट्टू होतो. तू मनाने कमी आहेस असे सांगितले तर तो ते स्वतःविषयीचे सत्य म्हणून वर्षानुवर्षे बाळगतो. म्हणून असे विधान करण्यापूर्वी त्याला पुरावा काय आहे हे पाहणे आवश्यक आहे. खेळाचे मानसशास्त्र या नावाने आज भाषणांतून, पुस्तकांतून आणि शिबिरांतून जे सांगितले जाते त्यातले किती टिकते आणि किती गळून पडते, याची तपासणी या लेखात करावयाची आहे.

पॅरिसमधील धडधड

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळवले. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे त्याचे गाव. वडील शिक्षक. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो पुढे आला आणि रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला लागला. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले.

दुसऱ्या दिवशीच्या वर्णनांत शांत, थंड डोक्याचा, अविचल ही विशेषणे होती. महेंद्रसिंग धोनीशी तुलनाही झाली. दोघेही रेल्वेचे तिकीट तपासनीस. पण स्वप्नीलने सामन्यानंतर पत्रकारांना जे सांगितले ते निराळेच होते. पोटात कालवाकालव होत होती, खाणे गेले नव्हते, फक्त काळा चहा घेतला होता आणि हृदयाची धडधड वाढलेली होती. आपण श्वासावर नियंत्रण ठेवले आणि वेगळे काही करायला गेलो नाही, असे त्याचे म्हणणे होते.

या धडधडीचे महत्त्व समजण्यासाठी थोडा हिशेब करू. या प्रकारात लक्ष्य ५० मीटरवर असते आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर. नेमबाजाच्या खांद्यापासून नळीचे टोक साधारण एक मीटर अंतरावर आहे असे धरले, तर टोक ०.१ मिलिमीटरने हलल्यास ५० मीटरवर तो फरक ५ मिलिमीटर होतो. म्हणजे वर्तुळाच्या मध्यावर रोखलेली गोळी त्याच्या कडेला पोचते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीराला बसणारा सूक्ष्म धक्का नेमबाजाला डोळ्यांसमोर दिसतो तो यामुळेच. हृदयाची गती आणि हाताचा कंप कमी करणारी 'बीटा ब्लॉकर' औषधे नेमबाजीत निषिद्ध आहेत, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सू याची दोन पदके अशाच एका औषधामुळे काढून घेण्यात आली. 'मनाचे दडपण' आपण ज्याला म्हणतो ते इथे मिलिमीटरांत मोजता येते.

अंतिम फेरीत स्वप्नील गुडघ्यावर बसून मारायच्या गोळ्यांनंतर सहावा होता, झोपून मारायच्या गोळ्यांनंतर पाचवा, आणि उभ्याने मारताना तिसरा झाला. एकूण गुण ४५१.४. धडधड तर संपूर्ण वेळ होतीच. म्हणजे विजेता शांत असतो हे विधान त्याच्या बाबतीत खरे ठरत नाही. धडधड असतानाही ठरलेली कृती ठरल्याप्रमाणे करता येते, हे मात्र खरे ठरते. पहिल्या विधानातले शांत मन हा स्वभाव झाला, कोणाकडे असेल, कोणाकडे नसेल. दुसऱ्यात कौशल्य आहे, आणि ते शिकवता येते.

वर्तुळात फिरणारे स्पष्टीकरण

आता याच खेळाडूची दुसरी नोंद पाहा. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात तो अंतिम फेरीत आघाडीवर होता. उभ्याने मारताना एका गोळीला केवळ ७.६ गुण मिळाले आणि तो चौथ्या क्रमांकावर घसरला. त्याच स्पर्धेत सांघिक प्रकारात मात्र त्याला सुवर्णपदक मिळाले होते.

हांगझोऊत त्याचे मन कमकुवत होते आणि वर्षभरात ते खंबीर झाले काय? तसे म्हणणारे म्हणतील. पण त्यांच्याकडे मनाच्या अवस्थेचा स्वतंत्र पुरावा कोणता? निकाल हाच. चौथा आला म्हणून मन ढळले असणार. आणि मन ढळले म्हणून चौथा आला. पदक मिळाले म्हणून मन खंबीर असणार. आणि खंबीर म्हणून पदक मिळाले. निकालावरून मन ठरवायचे आणि त्याच मनावरून निकालाचे स्पष्टीकरण द्यायचे, हा तर्क वर्तुळात फिरतो. पाऊस पडला म्हणून योग चांगला होता आणि योग चांगला म्हणून पाऊस पडला, असे कोणी म्हटले तर विज्ञानाचे शिक्षक लगेच हरकत घेतात. क्रीडांगणावर तेच घडते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो.

हे वर्तुळ तोडण्याचा मार्ग सरळ आहे. सामन्याच्या आधी मनाची अवस्था मोजायची, ती लिहून ठेवायची आणि नंतर निकालाशी ताडून पाहायची. असे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांनी खेळाडूंकडून मनःस्थितीची प्रश्नावली भरून घेतली. यशस्वी खेळाडूंमध्ये ताण, खिन्नता, राग, थकवा, गोंधळ हे घटक सरासरीपेक्षा कमी आणि उत्साह जास्त आढळतो असे त्यांनी मांडले. आलेखात एकटा उत्साह पाण्यावर डोकावणाऱ्या हिमनगासारखा वर दिसतो, म्हणून हे चित्र 'हिमनग' या नावाने प्रसिद्ध झाले आणि पाठ्यपुस्तकांत गेले. पुढे १९९५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. यशस्वी आणि कमी यशस्वी खेळाडूंमधला फरक या मनःस्थितीच्या चित्राने किती उलगडतो? एक टक्क्याहूनही कमी. फरक आहे, पण त्यावरून संघ निवडता येणार नाही आणि कोणाला नापासही करता येणार नाही.

उंदरांचा आलेख

शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात आणखी एक आलेख भेटतो: उलट्या 'यू' अक्षराचा. आडव्या अक्षावर उद्दीपन किंवा ताण, उभ्या अक्षावर कामगिरी. ताण फार कमी असेल तर खेळाडू सुस्त, फार जास्त असेल तर गडबडलेला, मधोमध उत्तम. याला यर्क्स आणि डॉडसन यांचा नियम म्हणतात आणि १९०८ हे साल दिले जाते.

साल बरोबर आहे. पण त्या वर्षी रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी ज्यांच्यावर प्रयोग केला ते खेळाडू नव्हते, छोटे उंदीर होते. उंदराने काळी आणि पांढरी अशा दोन पेट्यांपैकी पांढरी निवडायची. चुकल्यास विजेचा झटका. दोन पेट्यांमधला फरक सहज कळण्याजोगा असेल तेव्हा झटका जितका तीव्र तितके उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणे अवघड केले तेव्हा मध्यम झटक्याने सर्वांत लवकर शिकले. प्रयोग एवढाच. त्यात स्पर्धेची धास्ती नाही, खेळ नाही, आधीच शिकलेली कृती दडपणाखाली करणेही नाही. झटक्याची तीव्रता आणि शिकण्याचा वेग यांच्यातील हा संबंध पुढच्या लेखकांनी ताण आणि कामगिरी यांना लावला आणि आलेख गुळगुळीत करून छापला.

आलेखामागील कल्पना पूर्णपणे निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. गोळाफेक करणाऱ्याला जितका आवेश चालतो तितका नेमबाजाला चालत नाही, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. पण सर्वांसाठी एकच वक्ररेषा काढून तिच्या शेंड्यावर मुलांना नेऊन बसवता येईल, असा जो समज तयार होतो तो चुकीचा आहे. त्याहून जुना आणि शिक्षकांना अधिक उपयोगी प्रयोग नॉर्मन ट्रिपलेट यांचा आहे. सायकलस्वार एकटे असताना हळू आणि सोबत कोणी असताना वेगाने जातात असे त्यांच्या ध्यानात आले होते. १८९८ मध्ये त्यांनी मासेमारीची गिरकी मुलांना देऊन दोरा भराभर गुंडाळायला सांगितले, कधी एकट्याने, कधी दुसऱ्या मुलाशेजारी. पुस्तकांत याचे सार 'सोबत असली की वेग वाढतो' असे दिले जाते. पण ट्रिपलेट यांच्या तक्त्यातील ४० मुलांपैकी २० मुलांचा वेग वाढला, १० मुलांचा बिघडला आणि १० मुलांवर फारसा परिणाम झाला नाही. निम्म्या मुलांना जे पोषक ठरले ते एक चतुर्थांश मुलांना मारक ठरले. वर्गात चाळीस मुले घेऊन उभे राहणाऱ्या शिक्षकाला सरासरीपेक्षा ही विभागणीच अधिक काही सांगते.

बास्केटबॉलची गोष्ट

प्रेरणादायी व्याख्यानांतील लाडकी गोष्ट अशी: मुलांचे तीन गट केले. एकाने वीस दिवस बास्केटबॉल टोपलीत टाकण्याचा सराव केला. दुसऱ्याने काहीच केले नाही. तिसऱ्याने चेंडूला हातही न लावता रोज वीस मिनिटे डोळे मिटून आपण चेंडू टाकत आहोत अशी कल्पना केली. पहिल्या गटात २४ टक्के सुधारणा झाली, तिसऱ्यात २३ टक्के. म्हणजे कल्पना आणि सराव जवळपास सारखेच!

मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील लोकप्रिय पुस्तकाने ही गोष्ट घरोघरी पोचवली. तिचे मूळ बहुधा १९४३ मध्ये व्हँडेल, डेव्हिस आणि क्लगस्टन यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात आहे, आणि त्यातील प्रत्येक गटात मुले अगदी मोजकी होती. इतक्या लहान गटात एकदोन मुलांचा दिवस चांगला गेला तरी टक्केवारी उडी मारते. पुढील पन्नास वर्षांत असे कितीतरी प्रयोग झाले. ड्रिस्केल, कॉपर आणि मोरान यांनी १९९४ मध्ये त्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांचे निष्कर्ष असे: मनातल्या मनात केलेल्या सरावाचा उपयोग होतो; पण प्रत्यक्ष सरावाइतका होत नाही; ज्या कृतीत विचार आणि क्रम यांचा भाग मोठा तिथे तो अधिक होतो; आणि काही दिवस-आठवडे गेले की परिणाम ओसरतो.

हा निष्कर्ष गोष्टीपेक्षा फिका आहे, पण शाळेच्या कामाचा आहे. पावसाळ्यात मैदानात चिखल आहे, किंवा मुलाचा पाय मुरगळला आहे, तेव्हा मनातला सराव कामाला येतो. कबड्डीत चढाईला जाताना कोणत्या कोपऱ्याकडून शिरायचे, बोनस रेषेकडे पाय केव्हा टाकायचा, मध्यरेषेकडे कसे परतायचे, हा क्रम मनात घोळवता येतो. मैदान नाही म्हणून कल्पनेवर भागवा, असा त्याचा अर्थ मात्र कोणी काढू नये.

लक्ष कुठे असावे

ज्या भागात मानसशास्त्राने खरोखर काही नवे सांगितले तो भाग भाषणांत क्वचितच येतो. प्रश्न असा आहे: चांगले येत असलेले काम ऐन वेळी का बिघडते? घाबरल्यामुळे लक्ष विचलित होते, हे एक उत्तर. दुसरे उत्तर नेमके उलटे आहे: लक्ष फार जास्त दिले जाते, आणि चुकीच्या जागी दिले जाते.

शॅन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फुटबॉलपटूंना शंकूंमधून चेंडू नेण्यास सांगितले. एकदा त्यांचे लक्ष पायाच्या कोणत्या बाजूने चेंडूला स्पर्श होतो आहे याकडे ठेवायला लावले, आणि एकदा खेळता खेळता कानावर पडणाऱ्या शब्दांकडे. मुरलेले खेळाडू आपल्या सवयीच्या पायाने खेळताना पायाकडे लक्ष दिल्यावर मंदावले. शब्दांकडे लक्ष असताना ते अधिक चांगले खेळले. नवशिक्यांचे उलट झाले: पायाकडे लक्ष दिल्याने त्यांना मदत झाली. सरावाने जी कृती आपोआप होऊ लागली आहे तिचे पुन्हा तुकडे करून पाहू गेलो की ती अडखळते. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाऊल कसे पडते ते पाहू लागलो तर काय होते, हे कोणालाही पाहता येईल.

आता शालेय कबड्डीचा अंतिम सामना डोळ्यांसमोर आणा. दोन चढाया रिकाम्या गेल्या आहेत आणि स्पर्धेत तिसऱ्या चढाईचा नियम लागू आहे: गुण आणला नाही तर चढाई करणारा बाद. तो दम भरून मध्यरेषा ओलांडतो आणि सीमेबाहेरून एकाच वेळी तीन आवाज येतात: "वाक! हात लांब! डावा पाय पुढे!" हे तीन सल्ले नवशिक्याला सरावात उपयोगी आहेत. मुरलेल्या मुलाला, त्या क्षणी, ते अपायकारक ठरण्याचा संभव आहे. मग तो बाद होऊन परततो तेव्हा त्याला ऐकावे लागते की तू मनाने कमी पडलास. दडपणात भर घालणारे आपणच होतो, ही शक्यता भाषणात येत नाही.

यावर उपाय कोणते? नेदरलँड्समधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की ज्या कुशल खेळाडूंचा सरावच थोड्या धास्तीच्या वातावरणात झाला होता, त्यांची कामगिरी पुढे दडपणाखालीही टिकली. शांतपणे तेवढाच सराव केलेल्यांची घसरली. धास्ती घालवता आली नाही, तिच्यासह खेळायची सवय झाली. कृतीपूर्वीचा ठरावीक क्रम, एक लांब उच्छ्वास, स्वतःशी बोलायचा एखादा छोटा शब्द, यांचाही उपयोग प्रयोगांत दिसून आला आहे. परिणाम चमत्काराचे नाहीत. मध्यम आहेत, आणि रोजच्या सरावात मुरवल्याशिवाय मिळत नाहीत. पॅरिसमध्ये श्वास सांभाळला आणि वेगळे काही केले नाही असे स्वप्नील म्हणतो, त्याचे वर्णन या संशोधनाशी जुळते. एका उदाहरणाने सिद्ध काही होत नाही, पण प्रयोग जे सांगतात ते उदाहरणात कसे दिसते हे त्यातून कळते.

नाशिकचा वारसा

वडप्यावरून पुढे जाणारा महामार्ग ज्या नाशिकला पोचतो, तिथे मराठीत या विषयाचे सर्वांत परिचित नाव घडले: भीष्मराज बाम. पोलीस दलातील वरिष्ठ अधिकारी म्हणून काम केल्यावर त्यांनी खेळाडूंच्या मानसिक तयारीला वाहून घेतले. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणारी नेमबाज अंजली भागवत, क्रिकेटपटू राहुल द्रविड अशा अनेकांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. 'विनिंग हॅबिट्स' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध आहे. मराठीतूनही त्यांनी भरपूर लिहिले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

बाम यांच्या कामाचे मोल आमच्या मते दोन गोष्टींत आहे. एक, एकाग्रता ही जन्मजात देणगी नसून सवय आहे आणि सवय लावता येते, हे त्यांनी मराठी खेळाडूला त्याच्या भाषेत सांगितले. दोन, योगाच्या परंपरेतील श्वास, शिथिलीकरण आणि ध्यान यांचा उपयोग त्यांनी रोजच्या अभ्यासासारखा करवून घेतला. परदेशी संज्ञांनी बुजणाऱ्या मुलाला ही वाट आपली वाटली.

मर्यादाही सांगितली पाहिजे. या परंपरेतील पुरावा मुख्यतः खेळाडूंच्या अनुभवांचा आहे. अनुभव खोटे नसतात, पण आपल्यापर्यंत पोचतात ते यशस्वी झालेल्यांचे. तोच श्वास, तेच ध्यान मनापासून करून जिल्हास्तरावरच थांबलेल्या मुलांची मोजदाद कोणी ठेवत नाही. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर सुधारणा ध्यानाने झाली, वाढलेल्या सरावाने झाली, की कोणीतरी मायेने लक्ष दिल्याने झाली, हे वेगळे करता येत नाही. हा दोष एकट्या बाम यांचा नव्हे. जगभर या क्षेत्रात लहान गट आणि निवडक उदाहरणे यांचीच चलती राहिली आहे. त्यांच्या पद्धतीचा आदर करायचा तर ती तपासून पाहणे हाच त्याचा मार्ग आहे.

मनाबाहेरचे

मनाचा गौरव वाढत गेला की मनाबाहेरच्या गोष्टी दिसेनाशा होतात, हा आमचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. खाशाबा जाधव यांची कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती जिद्दीची आहेच. पण हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून मदत केली, हाही त्याच कथेचा भाग आहे. एक दीर्घ कुस्ती संपताच पुरेशी विश्रांती न देता त्यांना पुढच्या कुस्तीला उभे केले गेले आणि त्यांची बाजू मांडायला तिथे भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे त्या स्पर्धेच्या हकिकतींत सांगितले जाते. तिथे उणीव मनाची होती काय?

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिचे उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलते. २०२१ मध्ये टोकियोत हवेत असताना शरीराची दिशाच कळेनाशी झाल्यामुळे तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. खंबीर मनाची भाषा बोलणाऱ्यांनी तिला दूषणे दिली. पण डोक्यावर पडून मान मोडण्याचा धोका असलेल्या खेळात थांबणे हाच योग्य निर्णय होता. पॅरिसमध्ये २०२४ साली तिने तीन सुवर्णपदके मिळवली. त्यावरून आधीची माघार म्हणजे मानसिक सामर्थ्य होते असे सिद्ध करायला आम्ही जाणार नाही. तसे केले तर आम्हीही निकालावरून मन ठरवू. माघार योग्य होती ती धोका होता म्हणून, नंतर पदके मिळाली म्हणून नव्हे.

आता पुन्हा वडप्याकडे. माजिवडा ते वडपे या महामार्गाच्या रुंदीकरणाची चर्चा वर्तमानपत्रांत अनेकदा झाली. भिवंडीचा हा परिसर देशातील मोठ्या गोदाम-पट्ट्यांपैकी एक आहे. गोदामे वाढतात तशी मोकळी शेते कमी होतात, आणि कापणीनंतरचे मोकळे शेत हेच गावातल्या मुलांचे मैदान असते. अशा ठिकाणचा संघ, मॅटवर रोज सराव करणाऱ्या शहरी संघाकडून हरला, तर पहिला प्रश्न मनाचा नसतो. खेळायला जागा किती मिळाली, सकाळी मुलांनी काय खाल्ले, स्पर्धेच्या ठिकाणी पोचायला किती तास लागले, मॅटवर त्यांनी पूर्वी कधी पाय ठेवला होता का, हे प्रश्न आधीचे. त्यांची उत्तरे दिल्यावर जे उरेल त्यात मनाचा वाटा शोधावा.

करून पाहण्याजोगे

टीका करून थांबणे शिक्षकांच्या मासिकाला शोभत नाही. म्हणून शाळेच्या आवारात करता येईल असा एक प्रयोग सुचवतो. लागते ते एक स्टंप, एक टेनिसचा चेंडू आणि वही. प्रत्येक मुलाने दहा मीटरवरून स्टंपवर वीस वेळा चेंडू फेकायचा: दहा वेळा शेजारी फक्त नोंद घेणारा असताना, दहा वेळा सर्व वर्ग गोल करून ओरडत असताना. निम्म्या मुलांनी आधी एकांतात आणि मग गर्दीत, उरलेल्या निम्म्यांनी उलट क्रमाने फेकायचे. नाहीतर हात बसल्याचा किंवा दमल्याचा परिणाम गर्दीच्या नावावर जमा होईल. गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत. नंतर प्रत्येक मुलाचा फरक काढावा आणि किती जणांचा वाढला, किती जणांचा घटला, किती जणांचा तसाच राहिला ते फळ्यावर मांडावे. ट्रिपलेट यांच्या तक्त्याशी ते ताडून पाहता येईल.

पुढच्या दोन आठवड्यांत निम्म्या मुलांनी प्रत्येक फेकीआधी एक लांब उच्छ्वास आणि एक ठरलेला शब्द असा क्रम पाळून सराव करावा. उरलेल्यांनी तेवढाच वेळ साधा सराव करावा. मग गर्दीतली फेक पुन्हा मोजावी. दोन गटांत फरक दिसला तर तो योगायोगाने किती येऊ शकतो याची चर्चा वरच्या वर्गांत करता येईल. फरक दिसला नाही तरी प्रयोग फसला असे समजू नये. चाळीस मुलांत लहान परिणाम लपून राहू शकतो, हेही शिकण्यासारखेच आहे. फळ्यावर आकडे मांडावेत, मुलांची नावे मात्र लिहू नयेत. गर्दीत ज्याचा नेम चुकतो त्याच्या पाठीवर शिक्का मारण्यासाठी हा प्रयोग नाही.

मुलाला शिकवता येतो तो श्वास, फेकीआधीचा क्रम आणि दडपणातला सराव. 'मन खंबीर ठेव' हा उपदेश त्याला काय करायचे ते सांगत नाही आणि हरल्यावर दोष तेवढा देतो. येत्या बक्षीस समारंभात हरलेल्या संघासमोर बोलायची वेळ आली तर शिक्षकांनी मनाविषयी निकाल देण्याचे टाळावे. पुढच्या वर्षी कोणता सराव, किती दिवस आणि कोणत्या जागेवर करायचा आहे, तेवढे सांगावे.